सात नकला, एक नाटक

श्यामला मेत्री रागावली की आधी गप्प व्हायची. मग चष्मा काढून पदराने पुसायची. चष्मा परत डोळ्यांवर चढला की समोरच्याने दार गाठावं, हे हुबळीत कोप्पीकर रोडवरच्या त्या इमारतीत चहावाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हा नाटकवाल्यांचा राग टाळ्या मिळेपर्यंतचा. तिचा राग पडदा पडला तरी उतरत नसे. मी आयुष्यभर राण्यांचे, सवतींचे, जोगिणींचे राग रंगमंचावर करून दाखवले. खरा राग कसा असतो ते मात्र एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली एका गार खोलीत बसून पाहिलं. त्याची गोष्ट सांगते, कारण तिची गोष्ट कुणी सांगत नाही याचा मलाही राग आहे.

साड्यांच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर, हणमंतराव नेसरीकरांची कचेरी होती. बाजारातले व्यापारी आणि गोकुळ रोडवरचे छोटे कारखानदार आपले हिशेब तिथं देत. श्यामला ते संगणकात भरी आणि छापून देई. तो संगणक आजच्यासारखा पोरांच्या खिशात मावणारा नव्हे. टेबलाखाली ट्रंकेएवढा डबा आणि टेबलावर काळी काच. चित्र नाही, रंग नाही, नुसती हिरवी अक्षरं. काय हवं ते टाईप करून मागायचं, तेही त्याच्याच तुटक भाषेत. श्यामला त्याच्याशी जशी बोले तशीच माणसांशी बोले. एका शब्दात, आणि उत्तर लगेच हवं.

तिचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे मजूर, होते. आई तानूबाई आमच्या मलप्रभा नाटक मंडळीत होती. कपडेपट सांभाळायची आणि दासीचं काम करायची. कंपनीच्या पंगतीत ती नेहमी शेवटी बसे. का, ते कुणी बोलत नसे आणि सगळ्यांना ठाऊक असे. फलकावर आम्हा सगळ्यांची नावं असत, माझंही, 'इंदुमती' असं मोठ्या अक्षरांत. तानूबाईचं कधी नसायचं.

आमचं गाजलेलं नाटक 'कुंतलराज'. हुबळी, गदग, बेळगाव, निपाणी, कुठंही लावा, गर्दी ठरलेली. राजा म्हणजे दत्तात्रय शिरगुप्पे, आमचा दत्ताअण्णा. काय आवाज होता! अजून ऐकू येतो. राणी मी. द्वारपाल गुंडू केदारी, तो आत आला की लोक आधीच हसायला लागत. सेनापती, प्रधान आणि राजगुरू हे आणखी तिघे. आणि दासी.

पूर्ण नाटकाची वही एकच, मालकाच्या ट्रंकेत, कुलपात. दुसऱ्या कंपनीने नाटक पळवू नये म्हणून नटाच्या हाती सबंध नाटक कधी देत नसत. ज्याला त्याला त्याची नक्कल मिळे. नक्कल म्हणजे फक्त आपली भाषणं, आणि प्रत्येक भाषणाआधी समोरच्याचे शेवटचे चार शब्द, आपण तोंड कधी उघडायचं ते कळावं म्हणून. आम्ही सगळे अशा तुकड्यांवरच वाढलो.

दासीला एकच मोठा प्रवेश होता, तिसऱ्या अंकात. राणी महाल सोडून गेली आहे, आणि ती का गेली ते राजाला सांगायची हिंमत प्रधानाला नाही, दासीला आहे. पण नाटक लांबलं, शेवटची गाडी चुकेल असं वाटलं, की मालक विंगेत येऊन दोन बोटांनी कात्री दाखवी. कापायचं कुणाला? दासीला. तिचं काम लहान, ते गेलं तर कुणाला कळणार? तानूबाई तोंडाला रंग लावून उभी असे आणि तशीच परत जाऊन तोंड धुवे. श्यामला लहानपणी तिच्यासोबत असायची. तिने हे पाहिलं होतं. राग कुठून आला असं मला लोक विचारतात!

शहात्तर साली कंपनी मोडली. मालक वारला, आणि गोदामातल्या ट्रंकेतल्या त्या वहीची वाळवीने माती केली. दत्ताअण्णा मेहुण्याच्या कापडदुकानात बसू लागला. मी केशवापुरात गाण्याच्या शिकवण्या धरल्या. दहा वर्षांनी गुंडूला हौस आली, की एकदा, मरण्याआधी एकदाच, 'कुंतलराज' उभं करू. पण करणार कशावरून? जो तो आपलं तेवढं पाठ धरून बसलेला. सगळ्यांचं एका जागी कुणाकडेच नव्हतं.

तेव्हा तानूबाईच म्हणाली, "आमच्या श्यामलाच्या मशीनमध्ये घाला की. तिथं वाळवी लागत नाही म्हणती ती."

हणमंतरावांनी रविवारी किल्ली द्यायचं कबूल केलं. मग आम्ही एकेक जण जाऊन तिच्याशेजारी बसायचो आणि आठवून आठवून आपली नक्कल सांगायचो. ती इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करायची. प्रत्येकाची फाईल वेगळी, फाईलला नाव ज्याचं त्याचं. नाटक असंच लिहितात, यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही. काचेवर हिरव्या अक्षरांत 'गुंडू' उमटलं तेव्हा त्याने चक्क हात जोडले होते.

दत्ताअण्णाची पाळी आली त्या रविवारी मीही होते. तो म्हणाला, "मला चार शब्दांवर उठता येत नाही. समोरच्याचं पूर्ण भाषण घाल, पोरी. त्याशिवाय मला चढ येत नाही." म्हणून त्याने त्याच्या भाषणांबरोबर माझीही सांगितली, सेनापतीची सांगितली, सगळ्यांची अर्धीमुर्धी सांगितली. तिसऱ्या अंकात आला आणि हात झटकून म्हणाला, "इथं दासी काहीतरी बोलते. पुढं घे."

तानूबाई तिथंच स्टुलावर बसली होती, मांडीवर लेकीचा डबा. श्यामलाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि सांगितलं तसं टाईप केलं. 'दासी काहीतरी बोलते.'

तानूबाईने तिची नक्कल पुढच्या रविवारी सांगितली. एकदाही अडखळली नाही. त्याच श्रावणात ती गेली.

मग आला मार्चअखेरचा तो शनिवार. एका गिरणीचे वर्षाचे हिशेब भरता भरता यंत्राने काचेवर लिहिलं, जागा नाही. त्याच्या पोटात डिस्क म्हणून असते, सगळं त्यावर साठतं, ती भरली होती. श्यामलाने 'डीएफ' असं टाईप केलं. जागा किती शिल्लक आहे ते त्याने कळतं. काहीच शिल्लक नव्हती. मग 'डीयू' टाईप केलं. कुणाच्या कप्प्यात किती भरलंय ते त्याने कळतं. हणमंतराव तिच्या खुर्चीमागे उभे होते. व्यापाऱ्यांच्या नावांमध्ये त्यांना 'कुंतल' दिसलं.

"हे काय आहे?"

"नाटक, सर. तुम्हीच हो म्हणाला होता."

"चार पानं असतील म्हणून म्हणालो. हे तर कारखान्याच्या हिशेबाएवढं झालंय! संध्याकाळी गिरणीचा माणूस येणार. त्याआधी काढ सगळं."

"छापून घेते आणि काढते."

"कागद गिऱ्हाइकाचा आहे. तुझ्या बापाचा नाही."

"माझ्या बापाने रेल्वेचा एक खिळा कधी घरी आणला नाही, सर. त्याचं नाव नको."

चष्मा पुसला गेला असणार, कारण हणमंतरावांनी लगेच कपाट उघडून एक फ्लॉपी काढून दिली. पातळ, चौकोनी, काळं पाकीट. "मावेल तेवढं यात घे. उरलेलं पूस. दुसरी मागू नकोस." आणि ते जेवायला गेले.

सातही फायली त्या एका फ्लॉपीत मावत नव्हत्या. फार नाही, थोडंसं उरत होतं. पण काय गाळायचं ते तिने स्वतःच्या मनाने ठरवलं असतं तर आम्ही तिला फाडून खाल्लं असतं, हे तिला पुरतं माहीत होतं. म्हणून तिने निरोप धाडले. बाकी तिघे धारवाडला, ते एवढ्यात येणं शक्य नव्हतं. मी आले, दत्ताअण्णा दुकानातून आला, गुंडू सायकलवरून आला. चपला दाराबाहेर काढून आम्ही यंत्रासाठी गार ठेवलेल्या त्या खोलीत बसलो.

"कुणाचं किती आहे ते बघा आधी," श्यामला म्हणाली, आणि तिने फायलींची यादी काढली. प्रत्येक नावापुढे आकडा. तो आकडा म्हणजे त्या फायलीत किती अक्षरं आहेत त्याचा.

मी सांगते, नटांपुढे असं काही कधी ठेवू नये. सगळं आयुष्य आम्ही एकमेकांच्या कामाची लांबी डोळ्यांनी मोजत काढलेलं. आज ती अक्षरागणिक समोर उभी राहिली.

"द्वारपालाचं राणीपेक्षा मोठं?" दत्ताअण्णा ओरडला. "अरे, तुला मालकाने दीड पानाची नक्कल दिली होती!"

"दिली होती. पण लोक मला बघायला यायचे," गुंडू म्हणाला. "गदगचे विनोद वेगळे, निपाणीचे वेगळे. सगळे सांगितलेत."

"ते गाळ की मग!"

"तुझं बघ की अण्णा! सगळ्यांत वर तूच आहेस. त्यात अर्धं इंदुमतीअक्काचं आहे."

"मला चढ लागतो!"

"चढ लागतो तर टेकडीवर जाऊन राहा!"

मी दोघांना गप्प केलं. गाण्याच्या शिकवणीत पोरांवर ओरडून आवाज कमावला होता, तो उपयोगी पडला. मी म्हणाले, माझ्यातली दोन पदं गाळा, ती मला तोंडपाठ आहेत. श्यामला म्हणाली, तेवढ्याने भागत नाही, अक्का. मग दत्ताअण्णाने घसा साफ केला. तो घसा साफ करी तेव्हा पाच हजार माणसं गप्प होत असत.

"हे बघ पोरी. माझ्या नकलेत सगळ्यांचं आहेच. माझी एकच ठेव, बाकी सगळं पूस. नाटक सुटसुटीत होईल. आणि नाहीच म्हणत असशील, तर ती तळाची काढ."

तळाला, सगळ्यांत लहान आकड्यापुढे, नाव होतं 'तानू'.

"दासीचं काय असतं?" तो म्हणाला. "'आज्ञा महाराज.' आपण नेहमी कापायचो की ते. कुणाला कळलंय कधी?"

श्यामला गप्प झाली. चष्मा काढला. पदराने पुसला, एक काच, मग दुसरी. मी खुर्ची मागे घेतली.

"अण्णा," ती म्हणाली, "हे मशीन मी रोज साफ करते. जागा हवी असली तर मोठ्याला हात घालायचा असतो. तळाच्याला काढून या मशीनमध्ये जागा होत नाही. हा आकडा बघा आणि तुमचा बघा. दहा तानूबाई पुसल्या तरी या फ्लॉपीत बाकीचं मावणार नाही. तरी तुम्हाला काढायला तीच सापडते. तेव्हाही, आत्ताही. काय वाकडं केलं होतं हो तिने तुमचं?"

"रागावू नकोस. मी आपला व्यवहार सांगितला."

"व्यवहार? थांबा, व्यवहार दाखवते." तिने त्याची फाईल उघडली. अक्षरं झरझर वर सरकली आणि एका ठिकाणी थांबली. "तुमच्यात सगळ्यांचं आहे ना? ऐका. 'दासी काहीतरी बोलते.' आणि त्याच्याखाली राजा म्हणतो, 'माझ्याच दारात?'"

गुंडूने डोळे विस्फारले. "अण्णा, इतकी वर्षं तू नक्की कुणाला उत्तर देत होतास रे?"

"साकु, गुंडू!" दत्ताअण्णा कन्नडमध्ये खेकसला. पुरे कर, असं. त्याला राग आला की मराठी पुरत नसे.

श्यामलाने आईची फाईल उघडली आणि वाचायला लागली. अभिनय नाही, सूर नाही. हिशेबात चूक सापडल्यावर एखादी बाई कारकून ज्या आवाजात वाचेल त्या आवाजात. "महाराज, या महालात दिवे मी लावते. अंधार कुठून आला ते मला विचारा, प्रधानांना नको. राणीसाहेब वैऱ्याच्या भीतीने गेल्या नाहीत. त्यांना एका दारात सबंध रात्र उभं राहावं लागलं. ते दार शत्रूचं नव्हतं." ती थांबली आणि दत्ताअण्णाकडे वळली. "म्हणून तुम्ही विचारता, 'माझ्याच दारात?' हे तुम्हाला आज कळतंय. माझी आई तुमच्यासमोर स्टुलावर बसली होती, तेव्हा तुम्ही हात झटकलात. मी ते तसंच टाईप केलं, कारण तुम्ही सांगितलंत आणि ती गप्प होती. आता मी गप्प बसणार नाही. तिचं काम मला चिठ्ठीवर उतरवून घरी न्यायचं नाही. ते नाटकात राहील. नाहीतर कुणाचंच राहणार नाही. मी सगळंच पुसते, आणि तुम्ही जा दुकानात, साड्या दाखवा."

तिची बोटं कळांवर होती. ती पुसणार होती, यात मला आजही शंका नाही. ते यंत्र 'नक्की ना?' असं विचारत नसे. पूस म्हटलं की पुसे.

"पुसायचं नाही, श्यामला," मी म्हणाले. "पण मला एक सांग. माझी भाषणं माझ्यात आहेत, ती दत्ताअण्णाच्यातही आहेत. त्याची शेवटची वाक्यं आमच्या सगळ्यांच्यात आहेत. एकच गोष्ट तू किती वेळा साठवली आहेस?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. राग होताच, पण त्याला आता काम मिळालं. "नकला मोडायच्या," ती म्हणाली. "सगळं एकात जोडायचं. ज्याचं भाषण त्याचं, एकदाच. मावेल. पण कुणानंतर कोण ते मला माहीत नाही. तुम्ही सांगायचं. आणि भांडायचं नाही."

भांडण झालंच. गिरणीचा माणूस यायच्या आत संपवायचं होतं, म्हणून ती एकेक भाषण आपापल्या फायलीतून उचलून फ्लॉपीवर क्रमाने लावत होती आणि "पुढं कोण?" असं विचारत होती. "मी!" "तू नाही, सेनापती!" "सेनापती तेव्हा तंबाखू मळत असतो!" "ते नाटकात नाही, अण्णा, ते विंगेत!" आम्ही बसल्या जागी अख्खं नाटक बोलत गेलो, दातओठ खात, एकमेकांना खोटं पाडत. दत्ताअण्णाने दुसऱ्या अंकात एका कापडदुकानाची स्तुती करणारं भाषण घुसडलेलं होतं. त्या दुकानाने कंपनीला मखमलीचा पडदा दिला होता म्हणून. ते गळालं तेव्हा तो उठून उभा राहिला आणि आपला अपमान झाला म्हणाला. गुंडूने गदग, निपाणी आणि बेळगाव स्वतःच गाळले, हुबळीचे विनोद तेवढे ठेवले. तिसऱ्या अंकात दासीचा प्रवेश आला. श्यामलाने तो पूर्ण लावला, एक अक्षर न तोडता, आणि मान न वळवता विचारलं, "पुढं कोण?"

दत्ताअण्णा बोटातली अंगठी फिरवू लागला.

"पुढं कोण, अण्णा?"

"मी," दत्ताअण्णा म्हणाला. "माझ्याच दारात?" आवाज त्याचा नव्हता.

नाटक मावलं. थोडी जागा उरलीसुद्धा. सबंध 'कुंतलराज' पहिल्यांदा एका ठिकाणी आलं, आणि आम्ही तिघं घामेजलो होतो, त्या गारठ्यात! जिन्यात हणमंतरावांची पावलं वाजली. ते आत आले. "निघालं का?"

"काढते," श्यामला म्हणाली. तिने 'आरएम' टाईप केलं, म्हणजे काढून टाक, आणि पुढे आईचं नाव. सगळ्यांत आधी तिचंच. कळ दाबली. मग माझं, गुंडूचं, धारवाडच्या तिघांचं. यादीत एकच नाव उरलं.

"माझी राहू दे," दत्ताअण्णा म्हणाला. तो श्यामलाशी नाही, हणमंतरावांशी बोलत होता. "कोपऱ्यात कुठंतरी. काय जातंय?"

"राहू दे की गं, मोठे नट आहेत," हणमंतराव म्हणाले.

"सगळ्यांत जास्त जागा तिनेच खाल्लीय, सर. ती राहिली तर गिरणी मावणार नाही. आणि तुमचं सगळं आत आहे, अण्णा. नावसुद्धा आहे, पहिल्या पानावर, सात जणांमध्ये."

"सात जणांमध्ये!"

"हो. सातवं माझ्या आईचं आहे." तिने त्याचं नाव टाईप केलं आणि कळफलक त्याच्यापुढे सरकवला. "ही मोठी कळ. दाबा."

"मी का दाबू?"

"कारण मी दाबली तर उद्या बाजारभर सांगत फिराल, त्या बाईने मला पुसलं म्हणून. दाबा!"

तो तिच्याकडे जळजळीत पाहत राहिला. मग अंगठीच्या बोटाने कळ दाबली, खंजीर खुपसावा तशी. हिरवा ठिपका खालच्या ओळीवर जाऊन लुकलुकत राहिला.

"काहीच झालं नाही," तो म्हणाला.

"झालं," ती म्हणाली, आणि 'डीएफ' टाईप केलं. मोकळ्या जागेचा आकडा केवढा तरी वाढला होता. "ही तुमची जागा. आता इथं गिरणीची सरकी आणि कापूस येईल."

दत्ताअण्णा जो उठला तो थेट जिन्यात. खाली उतरेपर्यंत तो कन्नडमध्ये काय काय बोलला ते मी लिहिणार नाही, छापणाऱ्याला अडचण होईल. गुंडू दारात जाऊन म्हणाला, "राजा माझ्या चपला घालून गेला, अक्का!"

तालमीला तो आला. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. आपण नाही गेलो तर दुसरा कुणी राजा होईल, याची त्याला धडकी होती. पुढच्या माघात धारवाडच्या एका सभागृहात आम्ही 'कुंतलराज' एकदाच केलं. सभागृह अर्धं भरलं. गुंडू चालताना धापा टाकत होता, माझा वरचा सूर लागला नाही. दासीचं काम श्यामलाने करावं असं आम्ही म्हणालो होतो. तिने एका शब्दात नाही म्हटलं. मग बँकेतली एक मुलगी घेतली. तिचा प्रवेश पूर्ण झाला.

प्रयोगानंतर मी रंग न पुसताच बाहेर आले. श्यामला तिसऱ्या रांगेत एकटीच बसली होती. मी विचारलं, "कसं झालं गं?"

"ती पोरगी घाईत बोलली," ती म्हणाली. चष्मा तिच्या हातात होता. "'दिवे मी लावते' म्हणून थांबायचं असतं, अक्का. आई थांबायची. सांगा तिला."

"आता परत प्रयोग कुठला, श्यामला?"

"तरी सांगा तिला," ती म्हणाली, आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

मी आत गेले, आणि त्या मुलीला सांगितलं.